दारात सुटायचं, चहाला भेटायचं
तेलगावहून मित्रमैत्रिणींसोबत कलाप्रदर्शन पाहायला जाण्याची कृती

तेलगावच्या चौकातून बीड, परळी, माजलगाव आणि धारूर असे चार रस्ते फुटतात. त्यांतला कुठलाही धरला तरी पहिल्या तासाभरात कलादालन लागत नाही. साखर कारखाना लागतो, धरण लागतं, घाट लागतो. मुंबई-पुण्याचा माणूस रविवारी दुपारी जेवण झाल्यावर सहज चक्कर मारावी तसा प्रदर्शनाला जातो. आपल्याला एक रात्र प्रवासात घालवावी लागते, रजा काढावी लागते आणि घरी ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं. म्हणून ही कृती नीट पायऱ्या पाडून लिहिली आहे. तिचं सूत्र एवढंच, की सोबत जायचं, दालनात एकटं पाहायचं आणि मग एकमेकांना दाखवायचं. सगळे जण घोळक्याने एकाच मूर्तीपुढे उभे राहिले की ती मूर्ती कोणीच पाहत नाही. तिथे फक्त गप्पा होतात, आणि त्या तेलगावच्या चौकातही झाल्या असत्या.

काय लागेल

चार ते सहा माणसं. सातवा आला की त्याची सहल होते आणि अर्धा वेळ ‘तो कुठे गेला’ यात जातो. एक साधी वही आणि प्रत्येकाकडे एक पेन्सिल. शाईचं पेन दालनात काढू नये. पायाला सवय झालेल्या चपला. नवे बूट अजिबात नकोत, कारण दोन तास फरशीवर उभं राहायचं असतं. ओळखपत्र. पिशवीला लागेल असं छोटं कुलूप, त्याचं कारण पुढे येईल. दोन वेळेला पुरतील इतके धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. आणि पैशांसाठी भिशी. सहा-आठ महिने आधीपासून दरमहा ठरावीक रक्कम एकाकडे जमा केली, तर निघायच्या आदल्या दिवशी कोणाची अडचण होत नाही आणि गळतीही होत नाही. पैसे भरलेला माणूस सहसा मागे फिरत नाही.

१. माणसं धंदे बघून निवडा

‘ज्याला कलेची आवड आहे त्याला घ्या’ हा सल्ला ऐकू नका. वेगवेगळ्या कामातली माणसं घ्या. कारखान्यातला एखादा फिटर, शिवणकाम करणारी एखादी ताई, बैलं सांभाळलेला शेतकरी, गवंडी, सोनाराच्या दुकानात बसणारा. मूर्तीसमोर उभं राहिल्यावर फिटरला जोड दिसतो, शिवणाऱ्या ताईला निरी आणि तिची घडी दिसते. नंदीला वेसण आहे का, वशिंड कुठल्या जातीच्या बैलासारखं आहे, हे शेतकऱ्याशिवाय कोणाच्या ध्यानात येणार? गाइड पाठ केलेलं सांगतो. ही मंडळी जे सांगतील ते त्यांच्या हाताला माहीत असतं.

शिक्षक एकच घ्यावा. दोन असले की पाट्या मोठ्याने वाचायची स्पर्धा लागते.

२. दिवस ठरवा

आधी कारखान्याचं कॅलेंडर पाहायचं. गळीत हंगाम साधारण दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्चपर्यंत चालतो. त्या काळात ट्रॅक्टरवाला, फिटर आणि ऊस उभा असलेला शेतकरी यांपैकी कोणालाही हलवता येत नाही. मुंबईचा काळा घोडा कला महोत्सव नेमका याच दिवसांत, जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या सुरुवातीला असतो. त्याची हळहळ नको. महोत्सवात रस्त्यावर मजा असते, पण दालनांत इतकी रेटारेटी असते की चित्रापेक्षा पुढच्याची पाठच जास्त दिसते.

आपल्याला सोयीचा काळ म्हणजे पेरणी आटोपून खुरपण्या मार्गी लागल्यानंतरचा. ऑगस्टात चार दिवस निघतात. पाऊस असला तरी दालनं छताखालीच आहेत. फक्त मुंबईत रेल्वे ठप्प झाल्याची बातमी असेल तर निघू नका.

वार निवडतानाही घाई नको. कुलाब्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतं, भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी. जहांगीर कलादालनात प्रदर्शनं बहुधा मंगळवारी लागतात आणि पुढच्या सोमवारी उतरतात. रविवारी गर्दी. म्हणून गुरुवार किंवा शुक्रवार धरा. १५ ऑगस्टसारख्या राष्ट्रीय सुट्टीच्या दिवशी जाऊ नका, बरीच संग्रहालयं तेव्हा बंद असतात. निघण्याच्या आदल्या दिवशी फोन करून वेळ आणि तिकीट विचारून घ्या. दर बदलत राहतात, त्यामुळे मागच्या वर्षी गेलेल्या पाहुण्याच्या शब्दावर भिशीचा हिशोब बसवू नका.

३. आधी तेरला तालीम करा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. एकदम मुंबईच्या मोठ्या संग्रहालयात गेलं की डोळा बावचळतो. हजारो वस्तू, तीन मजले, आणि तासाभरात सगळं सारखंच दिसायला लागतं. म्हणून महिनाभर आधी एका दिवसात जाऊन येता येईल असं लहान संग्रहालय करावं. तेलगावहून धारूरचा घाट चढून केज, कळंब करत तेर शंभरएक किलोमीटरवर आहे. संत गोरा कुंभारांचं गाव म्हणून आपण ते ओळखतो. तिथलं सरकारी संग्रहालय रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाने आहे. तेरच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केल्या, त्यांच्या संग्रहातून ते उभं राहिलं.

तेरचं जुनं नाव तगर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत दख्खनच्या बाजारपेठा म्हणून पैठणसोबत तगरचं नाव येतं. तगरचं कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोच बंदराला जायचं आणि तिथून जहाजाने पुढे. इटलीत पॉम्पेई शहर इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. तिथे १९३८ साली भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या जवळची वाटावी अशी हस्तिदंती मूर्ती तेरला मिळाली आहे आणि तशीच एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. तेरची मूर्ती दालनात मांडलेली आहे का, हे गेल्यावर आधी विचारा.

पण तालमीसाठी त्याहून चांगली वस्तू म्हणजे तिथल्या मातीच्या छोट्या मूर्ती. सातवाहन काळातल्या, पांढऱ्या चिकणमातीच्या. दोन साचे करायचे, एक पुढच्या बाजूचा आणि एक पाठीचा. दोन्हींत माती दाबायची, अर्ध्या अर्ध्या कवच्या काढायच्या, जोडायच्या, भाजायच्या. मूर्ती आतून पोकळ राहते. आता काचेजवळ जाऊन बाजूने बघा. कानामागून खांद्यावर आणि तिथून खाली कमरेपर्यंत जोडाची रेघ शोधा. काही ठिकाणी कारागिराने ती ओल्या बोटाने पुसून टाकलेली असते, काही ठिकाणी तशीच राहून गेलेली असते. रेघ सापडली की मूर्तीमागे एक माणूस उभा असल्याचं कळतं, ज्याला त्या दिवशी बऱ्याच मूर्ती पुऱ्या करायच्या होत्या. फिटरला हे सांगावं लागत नाही. तो स्वतःच म्हणतो, “दोन पार्टाचा माल हाये.”

तेरला एवढंच करायचं. एक वस्तू, दहा मिनिटं, तिन्ही बाजूंनी. वेळ उरला तर विटांचं त्रिविक्रम मंदिर पाहा. त्याचा मागचा भाग अर्धगोल आहे, बौद्ध चैत्यगृहाला असतो तसा.

४. मुंबई गाठा

दोन वाटा आहेत. बीडहून रात्रीच्या ट्रॅव्हल्स मिळतात. किंवा माजलगाव-पाथरीमार्गे परभणी गाठून देवगिरी एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करायचा, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. मी रेल्वेच्या बाजूचा आहे. पाठ टेकते, आणि ती आपल्याला कामाच्या जागेपासून चालत जाण्याच्या अंतरावर सोडते. आरक्षण लवकर करा.

स्टेशनवर तोंड धुवा, धपाटे खा आणि सामान क्लोकरूममध्ये ठेवा. कुलूप नसलेली पिशवी तिथे घेत नाहीत, ते छोटं कुलूप त्यासाठीच. खांद्यावर ओझं घेऊन चित्र बघता येत नाही.

मग दादाभाई नौरोजी मार्गाने हुतात्मा चौकावरून काळा घोड्यापर्यंत चालत जा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातल्या हुतात्म्यांचं स्मारक वाटेतच आहे. काळ्या घोड्याजवळ एक गंमत. हे नाव ज्या पुतळ्यावरून पडलं, त्या घोड्यावर सातवा एडवर्ड बसलेला होता. तो पुतळा १९६५ साली हलवला, आता भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. पुतळा गेला, नाव राहिलं, आणि २०१७ मध्ये त्या नावासाठी नवा घोडा बसवला. त्याच्या पाठीवर कोणी नाही.

५. दारात सुटा

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. जुनं नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, वास्तुकार जॉर्ज विटेट. १९०५ मध्ये पायाभरणी झाली, इमारत पहिल्या महायुद्धाच्या काळात लष्करी इस्पितळ म्हणून वापरली गेली, आणि लोकांसाठी संग्रहालय उघडायला १० जानेवारी १९२२ उजाडलं. बाहेरून पाच मिनिटं घुमट पाहा, तिकीट काढा, आत जा. आणि इथे एकमेकांना सोडून द्या.

नियम असा: पाऊण तास प्रत्येकाने एकट्याने फिरायचं. कोणी कोणाला हाक मारायची नाही, फोन करायचा नाही. प्रत्येकाने आपली एक वस्तू निवडायची. सगळं पाहायची सक्ती नाही, उलट सगळं पाहायला बंदी आहे. निवडलेल्या वस्तूपुढे पाटी न वाचता निदान पाच मिनिटं उभं राहायचं. वहीच्या पानावर पेन्सिलीने तिची वेडीवाकडी रेखाटणी करायची. चित्र चांगलं यायला हवं असं नाही, पण हात चालू असला की डोळा वस्तूवरून हटत नाही. पाटी शेवटी वाचायची.

पाऊण तासाने ठरलेल्या जिन्यापाशी जमायचं आणि मग फेरी. ज्याने त्याने सगळ्यांना आपल्या वस्तूपाशी न्यायचं आणि तीन मिनिटं बोलायचं. बोलताना पहिलं वाक्य ‘मला आवडलं’ असं नको. आधी काय दिसतं ते सांगायचं, हात कुठे आहे, नजर कुठे आहे, काय तुटलं आहे. आवडीनिवडीचं शेवटी. दुसऱ्याने मध्ये बोलायचं नाही. हा शेवटचा नियम आपल्याकडे सगळ्यांत अवघड जातो.

कुठे शोधाल, याचे दोन पत्ते देतो. शिल्पदालनात ऐहोळेच्या मंदिरातले मोठे शिल्पपट आहेत, त्यांत ब्रह्मदेवाचा एक. हे मुळात छताचे दगड. बाराशे-तेराशे वर्षांपूर्वीचा भाविक मान वर करून, अर्धवट अंधारात ते बघायचा. आपण ते समोर, दिव्याखाली पाहतो. म्हणून जवळ जाऊन शक्य तेवढं खाली वाका आणि वर बघा. आकृत्या वेगळ्या बसतात. पहारेकरी चमकून पाहील, पाहू द्या.

दुसरा पत्ता मीरपूर खासचा. सिंधमधल्या या ठिकाणी, आता पाकिस्तानात, हेन्री कझिन्स यांनी १९०९-१० मध्ये एका बौद्ध स्तूपाचं उत्खनन केलं. तिथली भाजलेल्या मातीची शिल्पं इथे आहेत, पाचव्या शतकाच्या आसपासची. त्यांत हातात कमळ धरून उभा असलेला एक पुरुष आहे, बहुधा स्तूपाला दान देणारा. तेरला बोटाएवढी माती पाहिलेली असते, म्हणून इथे धक्का बसतो. एवढी जाड माती भट्टीत तडकली कशी नाही? जाड मातीत ओल राहिली तर तापल्यावर तिची वाफ होते आणि वस्तू फुटते, हे कुंभाराला आणि बॉयलरवर काम केलेल्याला सांगावं लागत नाही. म्हणजे ती किती दिवस सावलीत वाळवली असेल, मातीत काय मिसळलं असेल, यावर चर्चा सुरू होते. शिवणाऱ्या ताईचं लक्ष मात्र धोतराच्या निऱ्यांवर. त्या हल्लीच्या पद्धतीने घेतलेल्या नाहीत, कशा घेतल्या असतील हे ती स्वतःच्या ओढणीवर करून दाखवते. ही फेरी चुकवू नका, पूर्ण दिवसाचं मोल इथे आहे.

लघुचित्रांच्या दालनात उजेड मंद असतो. वीज वाचवायला नव्हे. कागद आणि रंग उजेडाने विटतात, म्हणून अशा चित्रांवर जगभर सुमारे ५० लक्स एवढाच प्रकाश ठेवतात. आत गेल्यावर दोन मिनिटं नुसतं थांबा, डोळे सरावतात. फ्लॅश याच कारणाने नको. ही चित्रं भिंतीवर टांगायला काढलेली नव्हती. मांडीवर घेऊन, हातात धरून बघायची होती. म्हणून काचेपर्यंत जाऊन वीतभर अंतरावरून बघा.

हात लावू नका. बोटाच्या घामातलं तेल आणि मीठ दगडातही मुरतं. आपल्या मंडळींचा हात देवाच्या मूर्तीपुढे आपोआप पायांकडे जातो. नमस्काराला कोणी अडवत नाही, दुरून करा.

एकूण दोन तास. त्यानंतर डोळे उघडे राहतात, पण पाहणं थांबलेलं असतं.

६. जहांगीरमध्ये माणसाशी बोला

शेजारीच जहांगीर कलादालन आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून उभं राहिलं, १९५२ मध्ये उघडलं. प्रवेशाला पैसे नाहीत. वस्तुसंग्रहालयाहून इथे फरक हा, की चित्र काढणारा बहुतेक वेळा खुर्ची टाकून तिथेच बसलेला असतो. दालन मिळण्यासाठी कलावंत कित्येक वर्षं रांगेत असतात, मग एक आठवडा हाती लागतो. त्या आठवड्यात कोणी ‘हे तर आमचं पोरगंही काढील’ असं त्याच्या कानावर जाईल इतक्या मोठ्याने म्हणू नये. हळूही म्हणू नये.

अमूर्त चित्रापुढे आपली गाडी अडते. ‘ह्याचा अर्थ काय?’ हा प्रश्न विचारला की चित्रकार एक तर भाषण देतो किंवा गप्प बसतो. त्याऐवजी विचारा, “सुरुवात कुठून केलीत?” “हा रंग खालचा की वरचा?” “संपलं हे कसं ठरवलंत?” गवंड्याने एकदा फक्त गिलावा कसला आहे एवढं विचारलं, आणि चित्रकार उठून त्याला जाड थर, वाळू मिसळलेला रंग, पातं कुठे ओढलं ते दाखवायला लागला. बाकीचे ऐकत राहिले. किंमत विचारायलाही लाजू नका. चित्रं विकायलाच लावलेली असतात, यादी टेबलावर असते.

ताकद उरली असेल तरच समोरचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय करा. जुन्या कावसजी जहांगीर हॉलच्या पोटात अर्धगोल सज्जे एकावर एक चढत जातात. नसेल उरली तर सोडा.

७. चहा

जहांगीरमध्ये पूर्वी समोवार नावाचं उपाहारगृह होतं, चित्रकार-लेखकांचा अड्डा. ते २०१५ मध्ये बंद झालं. आता बाहेर टपरी गाठा. प्रत्येकाने सांगायचं: आज दुसऱ्याने दाखवलेल्यातलं काय लक्षात राहिलं? स्वतःचं नाही, दुसऱ्याचं. एकाने वहीत लिहून घ्यायचं. भांडण झालं तर होऊ द्या, त्यासाठीच सोबत आलो आहोत. राजकारणावर गाडी गेली की चहा संपला असं समजा.

८. परतल्यावर

आठ दिवसांच्या आत वही घेऊन एकदा बसा, नाहीतर सगळं फोनमधल्या फोटोंत बुडून जातं. शिक्षक सोबत असेल तर त्याला एक काम द्या. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ नावाची बस २०१५ पासून गावोगावच्या शाळांत प्रदर्शन घेऊन जाते. आपल्या शाळेला ती मिळेल का, याची चौकशी त्याने करावी.

मग पुढचं ठिकाण ठरवा. ते ठरवण्याची रीत अशी: ज्याला या खेपेला काहीच मिळालं नाही, त्याच्या धंद्याकडे पाहायचं. आमच्यातला वेल्डिंगवाला दोन्ही ठिकाणी जांभया देत होता. दगड नको, रंग नको, त्याला लोखंड-पितळ हवं. त्याच्यासाठी पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय धरलं आहे. काकासाहेब केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने जमवलेल्या वीसेक हजार वस्तूंत दिवे, अडकित्ते आणि कुलपं आहेत. कुलपं कशी उघडत असतील यावर त्याने आत्ताच पैज लावली आहे, आणि भिशीचा पहिला हप्ता त्यानेच भरला.